मुरमाच्या डोंगरावरची काळी माती

नोकरीतल्या बहुतेक केसेस फाईल बंद झाली तशा माझ्या डोक्यातूनही गेल्या. ही एक गेली नाही.

भूम तालुक्यात, ईटच्या पुढं एका गावाचं गायरान आहे. नुसता मुरमाड डोंगर. त्यावर वीसेक वर्षांपूर्वी लावलेली कडुनिंबाची, करंजाची झाडं, आणि ती जगवणारा एक म्हातारा राखणदार. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. एका सकाळी गावातला वीटभट्टीवाला स्वतःहून ठाण्यात आला.

"साहेब, राखणदारच झाडं विकायलाय. डोंगरावर जाऊन बुडखे बघा. मला काय करायचंय, गावाचं भलं व्हावं."

बुडखे खरोखर होते. ग्रामपंचायतीनं चोरीची फिर्याद दिली. म्हाताऱ्याला चौकशीला बोलावलं. तो बाकावर न बसता भिंतीला टेकून उभा राहिला.

आमचे हवालदार म्हणाले, "आजोबा, झाडं काय पायानं चालत गेली व्हय?"

"वाळली, साहेब. वाळलेलं लाकूड कुणी नेलं तर आमच्यात अडवत न्हाईत, कोण नेतं ते म्या बघत बसत न्हाय. वल्ल्या फांदीला म्या हात लावू देत न्हाय."

"पण वाळली कशानं?"

"त्येच कळंना. पावसाळा सरतानी, सगळं रान हिरवंगार आसताना ही वाळायली. लेकरासारखी वाढीवली, आन् चोर म्याच!"

माझा विश्वास बसला नाही. हिरव्या रानात झाड वाळतं हे मला पटेना. सरपंच रोज फोन करायचे, अजून अटक का नाही म्हणून. मी कागद तयार करायला घेतले होते. अटक झाली असती तर म्हाताऱ्याचं काम जाणार होतं, आणि काम गेलं तरी चाललं असतं, पण त्याच गावात चोर म्हणून मरायची पाळी आली असती.

त्याच आठवड्यात कृषी विद्यापीठातली एक संशोधक मुलगी ठाण्यात आली. डोंगरावर मातीचे नमुने घ्यायचे होते, तशी नोंद द्यायला. मी सहज झाडांचं बोललो. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला.

उपग्रह दर थोड्या दिवसांनी या डोंगरावरून जातो, फोटो काढतो. डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही त्यात येतो, आणि झाड आजारी पडलं की तो आधी बदलतो. हजारो ठिकाणं दाखवून तिनं संगणकाला शिकवलं होतं: ही जिवंत झाडी, हे गवत, ही हलकी जमीन, ही भारी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, बी.एस्सी. झालेला. त्याचा मला अभिमान आहे. तरी त्या पडद्यापुढं मी खुर्ची ओढून शाळेतल्या पोरासारखा बसलो.

"सर, एकेक झाड यात दिसत नाही. दहा मीटरचा चौकोन दिसतो. पण हे बघा. माती एक, पाऊस एक, शेजारचे चौकोन हिरवे, आणि एवढेच मरतायत. सगळे गाडीवाटेच्या कडेचे. हे तीन तर आत्ता वाळायला लागलेत. ही झाडं अजून उभी असतील."

हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, पंचनाम्यावर उपग्रहाची सही कुठं घ्यायची?"

हसलो, पण तिला घेऊन लगेच डोंगरावर निघालो. त्या चौकोनांत झाडं उभी होती, शेंडे पिवळे पडलेले. बुंध्याला नडगीइतक्या उंचीवर चिखलाचा पट्टा होता. तो खरवडला, तर खाली सालीचं गोल कडं कापून काढलेलं. झाड वाळवायचं, मग वाळकं म्हणून उजळ माथ्यानं न्यायचं. आधीची झाडं त्या कड्याच्या खालून तोडल्यामुळं बुडख्यांवर काहीच खूण उरली नव्हती.

मुलीनं चिखल चिमटीत चुरला. "ही काळी माती आहे सर. माझ्या नकाशात या डोंगरावर काळी माती कुठंच नाही. आणि हिच्यात राख आहे."

काळ्या मातीत कारखान्याची राख मिसळून चिखल करतात ते वीटभट्टीवर. त्या भागात भट्टी एकच.

भट्टीवाल्याला बोलावलं. टेबलावर त्या चिखलाचं ढेकूळ ठेवलं.

"ही माती डोंगरावर कशी चढली?"

"माती काय, कुणाची बी आसंल."

"आणि राख?"

त्यानं ढेकूळ उचलून बोटांत चुरलं. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "नुसता चिखल लावा म्हणलं हुतं, साहेब! राख घालायला कुणी सांगितलं त्यांना?"

कुणीच नाही. राखेशिवाय चिखल तडकतो, हे त्या कामगारांच्या हातांना ठाऊक होतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून लगेच भट्टीवर जाऊन पंचांसमक्ष लाकूड जप्त केलं. ओंडक्यांच्या बुडाला तीच माती होती. गावात बुडख्यांची चर्चा सुरू झाली, तसं त्यानं बोट राखणदाराकडं वळवलं होतं.

म्हाताऱ्याला मी स्वतः ठाण्यात बोलावून सांगितलं, आणि माफी मागितली. मुलगी तिथंच होती. तिनं त्याला जुने फोटो लावून दाखवले. पहिल्यात डोंगर पांढराफटक. मग एक हिरवा ठिपका, मग चार, मग अर्धी उतरण. त्यानं धोतराला हात पुसले, पण पडद्याला बोट लावलं नाही.

"ह्ये वरून कोण बघत हुतं, ताई?"

"कोणी नाही आजोबा. नुसती नोंद होत होती."

तो खाली बसला. ठाण्यात पहिल्यांदाच बसला.

मी आयुष्यभर नोंदी केल्या, त्या माणसांच्या गुन्ह्यांच्या. सरळ माणसाच्या वीस वर्षांच्या कामाची ठाण्यात कुठं नोंद नसते, म्हणून त्याच्यावर संशय घेणं मला इतकं सोपं गेलं. तपासाला गरज नव्हती, तरी तो हिरव्या उतरणीचा फोटो मी त्या दिवशी केस डायरीला जोडला.