चिबडाला आंबील

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला एक तुकडा हाय. बारा महिने ओला. पाय ठेवला की घोट्यापस्तोर आत जातंय. त्याला आमी चिबड म्हणतो. लव्हाळा, बेडकं, डास. दुसरं काय पिकत न्हाई तितं.

नवी नवरी होऊन आले तवाच सासूनं सांगितलं, "मेंढरं तिकडं जाऊ देऊ नको." ओल्यात चरली की खुरं सडतेत, पोटात किडे होतेत. म्हणून भवताली बाभळीच्या काट्याचं कुंपण. तरी पैल्याच पावसाळ्यात काही मेंढरं आत घुसली आन् दिवाळीपस्तोर वाळून मेली. मला हिवताप आला. पोटातलं लेकरू गेलं. लोकं म्हणाले, चिबडानं खाल्लं. रडायला येळ कुठं होता? अंगात बळ आलं तशी मेंढरामागं गेले.

येळवशीला, रान पुजायच्या अवसेला, माजे मालक आंबिलीचं मडकं घेऊन सगळ्या रानात शिंपडायचे. चिबड तेवढं सोडायचे. "त्यानं काय दिलं आपल्याला?" म्हणायचे. मालक गेले, पण रीत तीच ऱ्हायली.

मग लेकानं जेसीबी आणला. चर काढून सगळं पाणी ओढ्याला सोडलं. मला लय बरं वाटलं. डायवरला चहासंगं गूळ-शेंगदाणे दिले म्या. त्या साली तितं माणसाच्या वर जवारी आली. लेक ताडकळसच्या बाजारात छाती काढून फिरला.

उन्हाळ्यात चिबडाच्या कडंची हीर आटली. दुष्काळातबी तिनं कवा तळ दाखवला नव्हता. मेंढरं पाण्याची कोरडी दोणी चाटत हुबी ऱ्हायची. लेक म्हणला, "आता इकावीच लागतेन." व्यापारी येऊन मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवून गेला. जलमभर त्यांच्यामागं चालले, दुसरं मला काय येतंय?

सून गाळ काढायला हिरीत उतरली होती. वर आली आन् म्हणली, "आत्या, पाणी चिबडाकडच्या कपारीतूनच यायचं. ती कपारच कोरडी पडलीय. चर बुजवावा लागंल."

लेक हसला. "लोकं चिबड सुकवायलेत, आन् ही पिकवायलीय! मग जवारी काय तुज्या डोक्यावर पेरू?"

"पेरा की. आन् मेंढरांना पाण्याच्या जागी जवारीच पाजा!"

मला आधी रागच आला. ज्यानं लेकरू नेलं त्याला परत बोलवायचं? मग दोणीपशी मेंढरं बघितली. सकाळी टोपलं घेऊन पैली माती मीच टाकली. सून दगड रचायली. लेकबी फावडं घेऊन आला, तोंड फुगवून.

मेंढरं इकली न्हाईत. तेवढा उन्हाळा पाव्हण्याच्या कळपासंगं सोनपेठकडं, गोदावरीच्या काठाला धाडली. काही वाटंतच गेली. जी गेली ती अजून डोळ्यापुढं येतेत.

पाऊस झाला, चिबड भरलं. डास आले, तशा मच्छरदाण्या आणल्या. पांढरी बगळी आली, लेकरं बघायला जायली. पुढच्या उन्हाळ्यात त्या कपारीतून पाणी झिरपायलं. दोणी भरली, मेंढरं घरीच ऱ्हायली. व्यापारी परत आला तवा लेक म्हणला, "मामा, पाणी प्या गारगार. मेंढरू न्हाई मिळायचं."

औंदाच्या येळवशीला लेक मडकं घेऊन पुढं, मी मागं. चिबडापशी येऊन थांबला. माज्याकडं बघितलं. म्या त्याच्या हातचा डहाळा घेतला, आंबिलीत बुडवला आन् लव्हाळ्यावर शिंपडला.

"घे माय," म्हणलं, "तुजं इतकी वर्सं ऱ्हायलं होतं."

मेंढरं कुंपणाच्या अलीकडं चरत होती. काटं तसंच हाय. ते काढायचं न्हाई.