पात्र, कथानक, संघर्ष इत्यादी शिकविणेबाबत

विषय: आश्रमशाळेतील विद्यार्थ्यांना गोष्ट वाचण्यास शिकविल्यामुळे उद्भवलेल्या परिस्थितीबाबत.
संदर्भ: माझी स्मरणशक्ती.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगतो की, शिक्षणाच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. फायलींची मुदत संपली की त्या रद्दीत जातात, किश्शांची तशी सोय नाही. हे सगळे एकाच बाईंचे आहेत.

* * *

रामटेके बाई राजुऱ्याच्या. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता, तेव्हा त्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवायला आल्या. मुलांनी धडे नुसते पाठ करू नयेत, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट कोण सांगतंय, कोणाची सांगतंय, कुठला मजकूर घडलेला आणि कुठला रचलेला, हे मुलांना ओळखता आलं पाहिजे. त्यांनी रीतसर मागणी केली, वाचनाची पुस्तकं पाठवा.

कचेरीने कुक्कुटपालनाच्या पुस्तिकांचा गठ्ठा पाठवला. कारण तोच शिल्लक होता.

बाईंनी कळवलं, "माहितीपर मजकूर मिळाला. आता कल्पित पाठवावे."

तपासणीचं काम बघणाऱ्या आमच्या साहेबांनी हाताला लागला तो जिल्ह्याचा प्रगती अहवाल पाठवून दिला. पुढे बाई कचेरीत आल्या तेव्हा मी जरा बिचकतच विचारलं. म्हणाल्या, "चाललं ना भाऊ! पोरं लय रमली."

* * *

गोंडांच्या गावात गोष्ट ऐकायची एक रीत होती. सांगणाऱ्याचं वाक्य संपलं की ऐकणाऱ्यांनी "हूं" म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. निवेदक म्हणजे काय, हे समजावताना बाईंनी तीच रीत वर्गात आणली.

साहेब तपासणीला गेले आणि सवयीप्रमाणे भाषणाला उभे राहिले. येत्या वर्षी गावात वीज येईल, म्हणाले. सगळा वर्ग म्हणाला, "हूं." पक्का रस्ता होईल. "हूं." नदीवर पूल होईल. "हूं!"

साहेब खूष. जेवताना त्यांनी हेडमास्तरांपाशी मुलांच्या शिस्तीची तारीफ केली. हेडमास्तर सरळ माणूस. त्यांनी सांगून टाकलं, "सर, इथं गोष्ट ऐकताना असंच करतात."

संध्याकाळच्या आत बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली.

* * *

एकदा गस्तीवरचे पोलीस पाणी प्यायला शाळेत थांबले. फळ्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: संघर्षाचे प्रकार. माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध स्वतः.

जंगलात नक्षलवादी शिरल्याची चर्चा होती, ते दिवसच तसे होते. फौजदारांनी बाईंना बाहेर बोलावून जबाब घेतला. समाजाविरुद्ध कोण कोण सामील आहे, ते विचारलं. स्वतःविरुद्ध असणाऱ्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

साहेबांनी तोंडी हुकूम दिला, तो शब्द यापुढे नको. तेव्हापासून त्या शाळेतल्या गोष्टींमध्ये संघर्ष नसे, अडचण असे. एक शब्द पुसायला दोन खाती धावली. त्याच वर्गाचं छप्पर गळत होतं, तिकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही.

* * *

नववीच्या वर्गात जनी नावाची मुलगी होती. तिला शिक्षिका व्हायचं होतं. बाई तिला कचेरीत घेऊन आल्या होत्या तेव्हा मी विचारलं, तर खाली बघतच म्हणाली, "मले बाईंसारखं शिकवाचं हाय." नापास झालं की वसतिगृहातली जागा जायची, आणि जागा गेली की घरचे लग्न उरकणार हे ठरलेलं.

वार्षिक परीक्षेला मराठीचा पेपर साहेबांनी स्वतः काढला. उतारा असा: वाघ गावात शिरला. त्याने गाय ओढून नेली. बातमी कळताच साहेब जीपने धावत आले आणि त्यांनी गावकऱ्यांना धीर दिला. प्रश्न: यातील सत्य भाग व कल्पित भाग ओळखा. कारण लिहा.

साहेबांच्या उत्तराप्रमाणे वाघ कल्पित होता.

जनीने वाघ सत्य आणि साहेब कल्पित असं लिहिलं. कारणही लिहिलं: "वाघ येतो. साहेब येत नाही."

शून्य. त्या एका प्रश्नावर पोरगी नापास झाली.

* * *

बाईंनी फेरतपासणीचा अर्ज केला. शाळा उघडण्याआधी निर्णय व्हावा, नाही तर वसतिगृहातली जागा जाईल, असं स्पष्ट लिहिलं. मी अर्ज लगेच साहेबांपुढे ठेवला. त्यांनी शेरा मारला, "वाघ गावात येतो किंवा कसे, याबाबत वनखात्याचा अभिप्राय घ्यावा."

वनखात्याने विचारलं, कोणता वाघ?

आम्ही कळवलं, प्रश्नपत्रिकेतला.

त्यांनी कळवलं, सदर वाघ आमच्या हद्दीत नाही, जुन्या जिल्ह्याकडे विचारणा करावी. कागद चंद्रपूरला गेला. शाळा उघडली. बाई दर बाजाराच्या दिवशी येऊन माझ्या टेबलापाशी उभ्या राहत. "भाऊ, आला काय?" मी मान हलवायचो. मग एके दिवशी त्यांची बदली झाली.

जनीची मुलगी आता त्याच शाळेत नववीला आहे. अर्ज प्रलंबित आहे.