नांदायला दिलेली इंजिनं

११ फेब्रुवारी. आज कारखान्याच्या माळ्यावरचे लाकडी पॅटर्न खाली उतरवायचे आहेत, आणि आमचे थोरले दीर, म्हणजे दादा, सकाळपासून माळ्याच्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसून आहेत. माणसं हातमोजे घालून उभी आहेत, टेम्पोला उद्या सकाळी यायला सांगितलं आहे, आणि दादा बशीतून चहा पीत आहेत. ते उठेपर्यंत मला दुसरं काम नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं स्पष्ट मत असं, की आमच्या दादांइतकं चांगलं डिझेल इंजिन कोल्हापुरात कुणी केलं नाही आणि त्यांच्याइतका वाईट धंदाही कुणी केला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाला कशा जमतात, हे मी उद्यमनगरातल्या या कारखान्याचं स्टोअर सांभाळत वीसेक वर्षं जवळून पाहते आहे. शेताला पाणी द्यायचं एका सिलिंडरचं इंजिन आमच्या सासऱ्यांनी सुरू केलं आणि दादांनी नावारूपाला आणलं. एके काळी शिरोळकडचा सगळा नदीकाठ त्याच्या आवाजाने जागा व्हायचा. ते बिघडत नसे, हीच त्यातली मोठी खोट. आजोबाने घेतलेलं इंजिन नातू चालवायचा आणि मधल्या बापाला आमच्या दारात येण्याचं कारणच पडायचं नाही. हे कुणी दादांना दाखवून दिलं की ते खूश व्हायचे आणि सांगणाऱ्याला चहा मागवायचे.

दादांच्या लेखी ते इंजिन विकत नव्हते, मुलगी देत होते. गिऱ्हाईक आलं की आधी त्याची चौकशी. विहीर किती खोल, ऊस किती, इंजिन ठेवायची खोली पक्की की नुसते पत्रे टेकवलेत. एकदा एक चांगला बागायतदार नोटा खिशात घेऊन आला होता. दादा त्याच्या शेतावर जाऊन आले आणि म्हणाले, "शेड गळतंय. आधी पत्रा बदला, मग या." त्याने पत्रा बदलला नाही, दुसऱ्या कंपनीचं इंजिन घेतलं. मी हळहळले, तर दादा म्हणाले, "स्टोअरबाई, तुमी दिली असती तुमची पोरगी गळक्या घरात?" घरात ते मला नावाने हाक मारतात, कारखान्यात स्टोअरबाई. पसंत पडलेल्या गिऱ्हाइकाची मात्र चंगळ असे. त्याला फेटा, इंजिनाला हळदकुंकू आणि नारळ. ट्रॅक्टर कोपऱ्यावर वळेपर्यंत दादा फाटकात उभे. त्यांची खरी मुलगी, म्हणजे माझी पुतणी, अजून म्हणते, "माझ्या पाठवणीच्या वेळी पप्पा मांडवामागे जनरेटर बघायला गेले होते."

रविवारी ते या लेकींच्या घरी जात. शिरोळच्या रस्त्यावर गाडीच्या काचा खाली, उन्हाळा असो की धूळ, कारण कान बाहेर ठेवायचा. लांबून आवाज आला की गाडी थांबलीच. "आपलंच हाय," म्हणायचे आणि बांधावरून चालू लागायचे. एकदा असंच उसातून वाट काढत पोचले तर इंजिन गुजरातचं निघालं. आता काय करायचं? शेतकऱ्याने चहा दिला, तो प्यायले आणि त्या परक्या इंजिनाचं टायमिंग लावून देऊन आले. परत येताना गाडीत म्हणाले, "तिचा काय दोष त्यात?"

बाजार बदलत होता तेव्हा दादांनी काही केलं नाही असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. दर वेळी त्यांनी एक प्रश्न विचारला. बाहेरून हलकी, स्वस्त, मोटारसायकलवर बांधून नेता येणारी इंजिनं आली तेव्हा एक विकत आणून टेबलावर उघडलं, एकेक भाग हातात तोलून पाहिला आणि विचारलं, "ह्यात लोखंड कुठाय?" ते नाही म्हणूनच लोक ते घेत होते, हे त्यांना पटलं नाही. उलट आमच्या इंजिनाचं चाक त्यांनी आणखी जड केलं. शेताशेतात विजेच्या मोटरी बसल्या तेव्हा विचारलं, "वीज कुठाय?" हा प्रश्न बरोबर होता, म्हणून त्यावर आम्ही बरीच वर्षं काढली. मग सोलर आलं. दादांनी वर पाहिलं आणि विचारलं, "ढग आला तर?"

आणि मग पूर यायचा. पूर आला की खांब आडवे, ट्रान्सफॉर्मर पाण्याखाली, मोटरी जळालेल्या, आणि ज्याच्या त्याच्या गोठ्यातून आमचं जुनं इंजिन बाहेर निघायचं. पाणी उपसायला दुसरं काही नसायचंच. कारखान्यात फोनवर फोन. दादा चिखलात उभे राहून इंजिनं धुऊन, पुसून चालू करून द्यायचे. त्या दिवसांत ते जेवायलाही विसरायचे आणि त्यांचा चेहरा उजळलेला असायचा, आणि तो उजळला म्हणून पुन्हा त्यांनाच लाजल्यासारखं व्हायचं. लोकांची घरं पडलेली असताना आपल्याला बरं वाटतं, हे त्यांना कळत होतं. पण पाणी ओसरलं की ते नवीन इंजिनांचा एक लॉट टाकायला सांगायचे. "बघा, मार्केट फिरलं." मार्केट फिरायचं नाही, खांब परत उभे राहायचे. त्या लॉटातली इंजिनं अजून शेडमध्ये आहेत. एकावर पाण्याचं पिंप आहे, दोहोंवर माणसं डबे ठेवतात. पुढच्या पुराची वाट बघत बसलेला कारखाना, असं मी एकदा बोलून गेले. दादा उठले आणि शेडमधली इंजिनं पुसायला गेले.

पुतणी पुण्यातली नोकरी सोडून कारखान्यात आली, तेव्हा इथे आठवड्यातून तीन दिवसांचं काम उरलं होतं. तिने फिरून एक काम आणलं. एका कंपनीला पाण्याच्या विजेच्या मोटरीची बॉडी करून हवी होती. म्हणजे ज्या मोटरीने आम्हाला घरी बसवलं, तिचंच अंग आम्ही घडवायचं. लॅपटॉप उघडून ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, इंजिनाचं मार्केट संपलंय."

"संपलं न्हाय. दुपारचं झोपलंय."

"बारा वर्षं?"

"दमलं आसंल."

या कामाला लागणारं नवं मशीन उंच आहे, माळा पाडल्याशिवाय उभं राहत नाही. माळ्यावर काय आहे, तर पॅटर्न. इंजिनाचा जो भाग ओतायचा त्याचा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, वाळूत उठलेल्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. पॅटर्न असला की भाग केव्हाही पुन्हा ओतता येतो. तो गेला की शेतातली इंजिनं पोरकी. आणि आमच्या कारखान्याच्या भिंतीवर दादांनी तरुणपणी स्वतः उभं राहून रंगवून घेतलेलं आहे, शेतात इंजिन तोवर कारखान्यात पार्ट. हा त्यांचा शब्द. पुतणीने पॅटर्न काढायचे म्हटल्यावर दोन दिवस ते माळ्यावरच जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शब्द मोडणार न्हाय. शब्द संपवतो."

म्हणजे काय, तर विकलेली सगळी इंजिनं परत आणायची. शेतात इंजिनच उरलं नाही की पार्ट द्यायची जबाबदारी उरली नाही. असा हिशोब दुसरा कुणी उद्योगपती करील असं मला वाटत नाही. मी बरोबर गेले, कारण एकटे गेले तर ते इंजिन आणायचं सोडून दुरुस्त करून येतील ही खात्री होती. पहिल्या शेतावर तेच झालं. मी घरातल्या बाईशी बोलत होते तेवढ्यात त्यांनी रिंगा बदलल्या, इंजिन चालू केलं, आणि आम्ही टेम्पोतून फक्त वांगी घेऊन परत आलो.

पुढे मात्र माणसं इंजिनं देत गेली. फार सहज देत गेली. दादांना वाटलं होतं, रडारड होईल, निदान विनवावं लागेल. एका ठिकाणी इंजिन पाचटाखाली सापडलं, चाकापाशी कोंबडीने अंडी घातलेली. घरातली म्हातारी म्हणाली, "न्या की बाबा. खोली तरी मोकळी हुईल. भंगारवाला बी बघंना तिच्याकडं." दादांनी अंडी काढून तिच्या ओच्यात दिली. त्या दिवशी परतीच्या वाटेवर काचा वर होत्या.

एकच माणूस अडला. वाडीच्या खाली नदीकाठाला त्याची जमीन आहे, वय दादांच्याएवढंच, आवाज दुप्पट. इंजिन न्यायला आलो म्हटल्यावर तो खाटेवरून उठलासुद्धा नाही. "नांदायला दिल्याली पोरगी माघारी न्यायला आलाय व्हय, पावणं? काय खोट काढली तिच्यात? का आमच्यात काढली?" दादांनी कारखान्याचं, लेकीने आणलेल्या कामाचं, मशीनचं, कामगारांचं सांगितलं. तो म्हणाला, "ते तुमचं तुमी बघा. पूर आला तर माझं पाणी तुमची लेक उपसायला येणार हाय काय?" पुतणी तिथे नव्हती म्हणून बरं. आम्ही रिकाम्या हाताने निघालो आणि दादा गाडीत चक्क गुणगुणत होते. जयसिंगपूर आल्यावर म्हणाले, "एक हाय, स्टोअरबाई. शेतात अजून एक हाय."

त्या एका इंजिनापायी ते आज या पायरीवर बसले आहेत. परवा मोटर कंपनीची माणसं जागा बघायला येणार. जागा मोकळी दिसली नाही तर काम दुसरीकडे जाईल, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. पुतणी सकाळी दोनदा येऊन बोलून गेली, मग बाहेर जाऊन उभी राहिली. आमचा फोरमन दादांच्या हाताखालीच तयार झालेला. तो शेवटी त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "दादा, उठा की आता. तीन दिसाच्या पगारात घर चालंना कुणाचं."

"मला कळतंय, गड्या."

"मग?"

"त्या वाडीखालच्याच्या इंजिनाचं हेड फुटलं तर उद्या कुठनं देऊ मी?"

फोरमन उठला. 

इथवर लिहिलं आणि फाटकात ट्रॅक्टर वाजला. ट्रॉलीत इंजिन होतं आणि इंजिनाशेजारी पोत्यावर तो वाडीखालचा म्हातारा बसला होता. वाटेतल्या धक्क्यांनी हलू नये म्हणून एक हात त्याने चाकावर ठेवला होता. दादा पायरीवरून उठले नाहीत, पण चहाची बशी खाली ठेवली.

म्हातारा आत आला. या खेपेला आवाज निम्माच होता. "पोरानं सोलर बसीवलाय. इंजिनाची खोली पाडली परवा. म्हटला, भंगारात घाल. तिथं उघड्यावर गंजली असती. मग म्हटलं, तुमच्यापाशी बरी."

"पूर आला तर?" दादांनी विचारलं.

"पोरगं म्हणतंय, पूर आला तर आपून तिथं ऱ्हायाचंच न्हाय."

 मी चहा मागवला. चहा झाल्यावर म्हाताऱ्याने इंजिनाचं हँडल कोटाच्या आतून काढून दादांपुढे धरलं. "मारा एकदा. दमून आल्यागत दिसतीया." माणसांनी इंजिन अंगणात उतरवून पाणी घातलं, डिझेल घातलं. दादांनी हँडल मारलं, चाक अर्धं फिरून थांबलं. दुसऱ्यांदा तेच. कुणी पुढे व्हावं की नाही हे कुणालाच कळेना. मग म्हाताऱ्याने धोतर खोचलं, हँडलवर दादांच्या हाताशेजारी हात ठेवला, आणि दोघांनी मिळून फिरवलं. इंजिन लागलं. उद्यमनगरातल्या त्या अंगणात तो आवाज घुमला आणि आतली माणसं दारात येऊन उभी राहिली. दादा मान वाकडी करून ऐकत होते.

"टायमिंग पुढं हाय जरा."

"लई वरसं झाली त्याला."

"मग सांगितलं न्हाईस ते कधी?"

"सांगितलं असतं तर दिसभर बसला असता तिथं. ऊस कोण तोडणार माझा?"

दादा हसले. या महिन्यात पहिल्यांदाच. मग त्यांनी इंजिन बंद केलं, नळावर जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि शिडीकडे न बघता केबिनमध्ये जाऊन दार लोटून घेतलं. म्हातारा ट्रॉलीत पुन्हा पोत्यावर बसून परत गेला. फोरमन माझ्याकडे बघत होता. मी होकारार्थी मान हलवली आणि तो शिडी चढला. संध्याकाळपर्यंत माळा रिकामा झाला. सागवानी लाकूड, कडा अजून धारदार, एकेकावर दादांच्या हाताने घातलेले नंबर. पुतणी शेवटचा पॅटर्न खाली येईपर्यंत शिडी धरून उभी होती. तिने कुणाला काम सांगितलं नाही, कुणाला घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅटर्न टेम्पोत भरून कागलकडच्या गुऱ्हाळाला पाठवले. त्यांची चिपाडं ओली निघाली होती आणि चुलवाणाला वाळकं लाकूड हवं होतं. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकात उभी राहिले नाही, मला माळा झाडून घ्यायचा होता. तो झाडून झाल्यावर स्टोअर उघडलं. इंजिनाचे सुटे भाग भंगारात काढायचं ठरलं होतं. त्यातून एक पिस्टन, रिंगांचा एक जोड, दोन नोझल आणि एक हेड बाजूला घेतलं, ग्रीस लावून कागदात गुंडाळलं आणि मागच्या कप्प्यात ठेवलं. बाकीचं बाहेर दिलं.

दहाच्या सुमाराला दादा अंगणातून स्टोअरच्या खिडकीशी आले. हात काळे होते.

"स्टोअरबाई, नोझल हाय का एक?"

"कुणाच्या इंजिनाला?" सगळ्यांना विचारते तसं मी विचारलं.

त्यांनी हात फडक्याला पुसले. "माझ्या."

"आहे," म्हटलं, आणि सही घेऊन दिलं.