दसऱ्यापर्यंत पेन्सिल बंद

ईरण्णा उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. निजामाचं राज्य होतं, बाहेर जर्मनीची लढाई चालली होती, आणि गावात रॉकेल, साखर, कागद, काही म्हणता काही मिळत नव्हतं. नेमक्या अशा दिवसांत, पस्तिशी ओलांडल्यावर, ह्या माणसाला चित्रं काढायचा नाद लागला. औषधांच्या खोक्यांतून जाड तपकिरी कागद यायचा. तो हातानं सारखा करून ईरण्णा घरी आणायचा आणि दवाखान्यात जायच्या आधी, पहाटे, दारातल्या उजेडाला बसून रेघा ओढायचा.

घर भरलेलं. चार लेकरं, दम्यानं बेजार झालेली आई, आणि ह्या सगळ्यांचं करता करता पाठ मोडून घेतलेली बायको, सत्यभामा. ईरण्णानं घोडा काढायला घ्यावा, मान होईपर्यंत धाकटा बाळ्या मांडीत येऊन बसायचा. धड होईपर्यंत आई आतून हाक मारायची. पायांची पाळी येईपर्यंत दवाखान्याची वेळ व्हायची. घरात बिनपायांचे घोडे साठत गेले. तरीही तो नेटानं शिकत होता. पहिल्या वर्षी त्याची गाय शेळीसारखी दिसायची, दुसऱ्या वर्षी ती गाय दिसायला लागली. एवढ्यावरही तो खूश झाला असता. पण गफार होता ना!

गफार त्याच्या गल्लीतला, लहानपणापासूनचा दोस्त. तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होता. त्या राज्यात सुट्टी जुम्म्याला, शुक्रवारी असायची. एका जुम्म्याला ईरण्णा कागद घेऊन हातलाईच्या डोंगराकडं निघाला, तेव्हा गफार नुसता सोबत म्हणून गेला. तिथं बसून कंटाळला, म्हणून त्यानंही एक कागद मागून घेतला. पेन्सिल कशी धरायची ते ईरण्णानंच त्याला दाखवलं. दुपारच्या नमाजाला परतायच्या आत गफारनं समोर चरणारी म्हैस काढली. म्हैस कसली, आत्ता शेपूट हलवील असं वाटावं!

"जमलंय की रे," ईरण्णा म्हणाला. आणि त्यानं आपला कागद घडी करून खिशात घातला.

तेव्हापासून त्याला गफारचा हेवा वाटायला लागला. ईरण्णाचा खोडरबर झिजायचा, गफारला तो लागायचाच नाही. एकदा दोघं तेर गावाला गेले आणि तिथलं जुनं विटांचं देऊळ काढायला बसले. गावातली माणसं जमली. आधी ईरण्णाच्या मागं उभी राहिली, मग एकेक करून गफारच्या मागं सरकली. शेवटी ईरण्णाच्या मागं एक कुत्रं तेवढं उरलं. परतीच्या वाटेवर गफार त्याला म्हणाला, "तुझा कळस माझ्यापेक्षा चांगला आला रे." ईरण्णाला वाटलं, हा आपल्याला भीक घालतोय.

रात्रंदिवस तो मनात एकच हिशेब घोळवायचा. ह्याला काय धाड भरलीय? घरात हा आणि हसीनाबी, दोघंच. ना पोरांची किरकिर, ना म्हातारीचा दमा. कचेरीतून आला की पाय पसरून बसायला मोकळा. कोरा कागदसुद्धा कचेरीतून मिळतो. आपल्याला एवढी सवड असती, तर आपण ह्याला कधीच मागं टाकलं असतं. आणि मग तो घरच्यांवर चिडायचा. आईच्या खोकल्यावर, सत्यभामेच्या हाकेवर, बाळ्याच्या रडण्यावर. जणू त्यांनीच त्याचा हात धरून ठेवला होता.

श्रावण लागला आणि गावात डोळ्यांची साथ आली. दवाखान्यात रांग लागली. एके दिवशी त्या रांगेत गफार आला, डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. डॉक्टरसाहेबांनी त्याच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि ईरण्णाला सांगितलं, बोरिकच्या पाण्यानं धुवा, थेंब घाला, आठवड्यात बरे होतील. मग ते पुढच्या माणसाकडं वळले.

ईरण्णानं गफारला आतल्या बाकावर निजवलं, डोळे धुतले, थेंब घातले. डोळे मिटूनच गफारनं विचारलं, "ईरण्णा, पेन्सिल कधी धरू?"

ईरण्णाच्या हातात कापूस होता. तो पिळायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. मग तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत नाव काढू नको. कचेरीचं लिहिणं चालेल, पण चित्राच्या बारीक कामानं नजर जाईल."

"दसऱ्यापर्यंत?"

"मग काय, डोळे फुकट मिळतात का?"

"तू म्हणतोस तर बंद," गफार म्हणाला आणि चाचपडत घरी गेला.

आता मैदान मोकळं झालं. ईरण्णानं जिवाचा आटापिटा मांडला. पहाट पुरेना म्हणून दुपारची भाकरी दवाखान्यातच खाऊन तो कागद घेऊन बसायला लागला. जुम्म्याला तर उजाडायच्या आत घर सोडायचा. डोंगरातल्या लेण्यांपर्यंत चालत जायचा, दगडी खांब काढायचा, उन्हं उतरल्यावर परतायचा. सत्यभामा म्हणायची, "आत्तींला आज लई धाप लागलीय, आजचा दिस ऱ्हावा." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. खांब बरे यायला लागले होते. पण माणूस काढायला घेतला की खांबासारखाच ताठ यायचा.

इकडं गफारला जुम्मा खायला उठला. तो ईरण्णाच्या दारात येऊन बसायला लागला. त्या वर्षी रमजान भाद्रपदात आला होता. रोजा धरून, सुकल्या तोंडानं गफार ओट्यावर बसायचा आणि पोरांना राजाच्या, अस्वलाच्या, भुताच्या गोष्टी सांगायचा. सत्यभामेला आडावरून दोन घागरी आणून द्यायचा. म्हातारीला पाठीला उशी लावून बसवायचा. म्हातारी त्याला म्हणायची, "गफार, तू माझा थोरला." आणि थोरली पोर, प्रेमला, पाटी घेऊन त्याच्यापुढं बसायची.

एका जुम्म्याला पाऊस आला म्हणून ईरण्णा लवकर परतला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला आपल्या घरातलं हसणं ऐकू आलं. तो दारात आला. बाळ्या गफारच्या खांद्यावर बसला होता, म्हातारी पदरात तोंड खुपसून हसत होती. सत्यभामासुद्धा चुलीपुढं बसून हसत होती. आपण घरात असताना ती अशी कधी हसली, ते ईरण्णाला आठवेना.

"बाबा, बघा," प्रेमलानं पाटी पुढं केली. पाटीवर आजी होती. पदर डोक्यावर, पाठ वाकलेली, एक हात छातीवर. वेडीवाकडी होती, पण आजीच होती. "काकांनी शिकवलं. त्यांना पेन्सिल धरायची न्हाय ना, म्हणून ते नुसतं सांगतात. आधी म्हणाले, आजीकडं बघत बस, कंटाळा येईपर्यंत."

ईरण्णानं पाटी घेतली आणि ओल्या बाहीनं पुसून टाकली. "लिहायची पाटी हाय ती. अभ्यास कुठाय?"

हसणं जागच्या जागी थांबलं. गफारनं बाळ्याला खाली ठेवलं, चपला घातल्या आणि निघून गेला. ईरण्णाच्या मनात आलं, चित्र घेतलंस, आता घरबी घे माझं.

पुढच्याच आठवड्यात बाळ्याचे डोळे आले. सत्यभामेनं ईरण्णानंच आणलेले थेंब घातले, ईरण्णानंच सांगितल्याप्रमाणं डोळे धुतले. आठ दिवसांत पोरगं अंगणात गोट्या खेळायला लागलं. त्या दिवशी ईरण्णा जेवायला बसला असता तिनं भाकरी वाढली आणि विचारलं, "एक सांगा. बाळ्याचे डोळे आठ दिसांत निवळले. गफारभाईंचेच का दसऱ्यापर्यंत?"

"मोठ्या माणसाचं वेगळं असतंय."

"आडावरच्या बाया काय ल्हान हायत? समद्यांचे निवळले."

ईरण्णानं घास तोंडात घातला, पण तो फिरेना. सत्यभामा त्याच्याकडं बघत राहिली. बघता बघता तिला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं. तिनं आवाज चढवला नाही. "रोजा सुटल्यावर जाऊन सांगा. न्हायतर म्या सांगते," एवढंच म्हणून ती उठली.

ईरण्णा गेला तेव्हा गफार खजूर खाऊन पाणी पीत होता. हसीनाबीनं पुढ्यात वाटी ठेवली आणि ती आत गेली. ईरण्णानं खजुराला हात लावला नाही. "गफार, तुझे डोळे कधीच बरे झालेत. म्या तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे."

ईरण्णाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"रमजानच्या पहिल्या जुम्म्याला मशिदीच्या दारात डॉक्टरसाहेब भेटले," गफार म्हणाला. "मी पेन्सिलचं विचारलं, तर म्हणाले, डोळे एकदम साफ, मग पेन्सिल का बंद? त्या दिवशी वाटलं, जाऊन तुझं डोकं फोडावं. रोजा होता म्हणून वाचलास."

"मग बोलला का न्हाईस?"

गफारनं पेला खाली ठेवला. "बोललो असतो तर पुन्हा डोंगरात जावं लागलं असतं. मला डोंगराची हौस नाही रे. ह्या घरात सुट्टीचा दिवस निघत नाही, म्हणून मी तुझ्यामागं हिंडतो. तू एवढी लेकरं घरात टाकून दगडाचे खांब काढायला जातोस. मला तुझा किती राग यायचा, तुला सांगून कळायचं नाही. डोळ्यांच्या निमित्तानं तुझ्या ओट्यावर बसायला मिळालं. म्हटलं, दसऱ्यापर्यंत तर दसऱ्यापर्यंत."

हसीनाबीला दोन लेकरं झाली होती आणि दोन्ही अंगावर पीत असतानाच गेली होती. हे ईरण्णाला माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यातल्या धाकट्याला माती द्यायला तो स्वतः गेला होता. आणि तरीही इतके दिवस त्यानं त्या रिकाम्या घराला सवड म्हटलं होतं.

"मला माफ कर," तो म्हणाला.

"आज नाही होणार," गफार म्हणाला. "खजूर खा."

ईदला हसीनाबी शीरखुर्मा घेऊन आली, तेव्हा गफार आला नाही. दसऱ्याला मात्र सोनं द्यायला आला, आणि प्रेमलानं त्याला हात धरून बसवून घेतलं. त्यानंतर जुम्मा ईरण्णाच्या ओट्यावर व्हायला लागला. दोघंही तिथंच बसून काढायचे. कधी आई, कधी दळणारी सत्यभामा, कधी भांडणारी पोरं. बाळ्या मांडीत आला तर ईरण्णा बाळ्याचंच पाऊल काढायचा. लेकरं स्थिर बसत नाहीत, त्यामुळं हात झटपट चालवायला लागायचा, खोडायला वेळच नसायचा. त्याची माणसं हळूहळू वाकायला, बसायला लागली.

हेवा गेला म्हणावं, तर तसं काही झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बेंबळी गावाकडं पटकी आली. डॉक्टरसाहेबांनी ईरण्णाला विचारलं, लोकांना वाचता येत नाही, पाणी उकळून प्या हे चित्रानं दाखवता येईल का? ईरण्णानं गफारला चकार शब्द सांगितला नाही. एकट्यानं मोठा कागद घेतला. चूल, हंडा आणि बाई काढली. बाईचा चेहरा सत्यभामेचा आला, त्याचा त्यालाच आनंद झाला. पण हात काही केल्या जमेनात. दोन दिवस तो कुढत राहिला. तिसऱ्या दिवशी कागद गुंडाळून गफारकडं गेला आणि त्याच्यापुढं टाकून म्हणाला, "हात काढ."

गफारनं हात काढले. हंड्यावर झाकण ठेवणारे, चटका बसू नये म्हणून पदर मुठीत धरलेले.

चित्र बेंबळीच्या चावडीवर लागलं. डॉक्टरसाहेबांनी चार माणसांत ईरण्णाची पाठ थोपटली. "वाह! हाथ तो बहुत खूब बनाए हैं."

नेमके हात! ईरण्णाचा जुना हेवा पुन्हा उफाळला. गप्प राहावं असं फार वाटलं. राहिलाही, डॉक्टर टांग्यात बसेपर्यंत. मग टांग्यामागं चार पावलं धावत जाऊन म्हणाला, "साहेब, हात माझे न्हाईत. गफारचे हायत."

घरी आल्यावर त्यानं हे सत्यभामेला सांगितलं. ती पीठ चाळत होती. "आणि त्वांड?" तिनं विचारलं.

"तोंड माझं."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि चाळत राहिली.