लॅपटॉपची घरझाडणी

माझ्या मुलीचा लॅपटॉप मी बिघडवला, ही अफवा आहे. मी तो फक्त स्वच्छ केला.

दोष असलाच तर मुहूर्ताचा. घटस्थापना तोंडावर आली होती, आणि आमच्या सोलापुरात घट बसायच्या आधी घरातली सुईसुद्धा धुऊन निघते. बायकोने, म्हणजे सुनंदाने, सकाळीच पदर खोचून अख्खं घर अंगणात काढलं होतं. माझा मेहुणा बसू मैंदर्गीहून खास गोधड्या धुवायला आला होता. माझ्याकडे माळ्यावरचं सामान खाली द्यायचं काम होतं. पण पितळी परात बसूच्या हाताऐवजी डोक्यावर दिली गेली, आणि मला त्या कामावरून कमी करण्यात आलं.

नेमकी त्याच दुपारी तीन वाजता आमच्या मुक्ताची ऑनलाइन मुलाखत होती. पुण्याची कंपनी, आयुष्यातली पहिली नोकरी! साहेबलोकांसमोर प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. तिच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. (लिनक्स फुकट मिळतं, आणि त्यात वाट्टेल ते बदलता येतं. यातली दुसरी गोष्ट आईबापांना कळू देऊ नये.) नवी पेठेतल्या शिंप्याकडून कुर्ता आणायला निघताना ती म्हणाली,

"पप्पा, त्या प्रोग्रामला लागतं ते नवीन जावा टाकलंय, नुसता त्याचा पाथ सेट करायचा राहिलाय. आल्यावर करते. तुम्ही हात लावू नका."

"मी कशाला लावतोय?" असं मी म्हणालो, आणि फाटकाची कडी वाजताच लावला.

पोरीचा तेवढाच ताप कमी करावा, हा शुद्ध हेतू! काय करायचं ते तिच्या मैत्रिणीने लिहून पाठवलेलं समोरच होतं: अमुक फाइल उघड, पाथच्या ओळीत शेवटी नव्या जावाचा पत्ता जोड, आणि लॅपटॉप बंद करून चालू कर. पासवर्डची अडचण नव्हती. तो आमच्या मांजराच्या नावाचा आहे, हे मांजर सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

फाइल उघडली. त्या ओळीत हे भलं मोठं पत्त्यांचं शेपूट! मला कळेना, जावा नव्या जागी राहायला गेलं, तर हे जुने पत्ते कशाला सांभाळायचे? तेवढ्यात अंगणातून सुनंदाचा आवाज आला, "जुनं काही परत आत आणायचं नाही! सगळं टाकून द्या!" हे ती बसूला फुटक्या बरण्यांबद्दल सांगत होती; पण घरातला हुकूम सगळ्यांना लागू असतो. मी जुने पत्ते झाडून पुसले, नवाकोरा एकच ठेवला, आणि लॅपटॉप बंद करून चालू केला.

त्याने पासवर्ड विचारला. दिला. पडदा काळा झाला, आणि त्याने पुन्हा पासवर्ड विचारला. पुन्हा दिला. पुन्हा काळोख, पुन्हा पासवर्ड!

ओल्या हातांनी बसू आत आला. "काय झालं ओ दाजी?"

"आत घेईना रे."

"गरम झालं असंल की. फॅनखाली धरा." त्याने निरखून बघितलं. "न्हायतर जरा आपटून बगू का? आमचा टीव्ही तसाच चालू हुतोय."

"बसू, तू गोधड्या धू!"

"अहो," सुनंदा दारात उभी. तिच्या हातात झाडू होता, आणि त्या क्षणी तो मला नेहमीपेक्षा लांब वाटला. "पोरीची मुलाखत हाय आज. काय केलंत तुमी?"

"स्वच्छ केला," मी म्हणालो.

एवढ्यात मुक्ताच आली. तिने पडदा पाहिला, मला पाहिलं, घड्याळ पाहिलं. मग ती लॅपटॉपसमोर बसली. कसल्याशा कळा दाबून तिने काळा पडदा उघडला आणि टाइप करायला लागली. जे मागेल त्याला एकच उत्तर: सापडत नाही. सापडत नाही. सापडत नाही!

"पप्पा, पाथमधलं बाकीचं कुठंय?"

"ते जुनं होतं बाळा."

"अहो पप्पा, कुठली वस्तू कुठल्या कपाटात शोधायची, ते त्याला त्या ओळीवरून कळतं! सामान सगळं जागच्या जागी आहे, पण त्याला काहीच दिसेना झालंय!"

"मग आता?"

"आता दरवेळी अख्खा पत्ता सांगायचा. या खोलीत जा, त्या कपाटात, त्या फळीवर." तसे लांबलचक पत्ते देत देत तिने ती फाइल उघडली आणि मी पुसलेलं सगळं पुन्हा लिहिलं. लॅपटॉप सुरू झाला तेव्हा तीनला अगदी थोडा वेळ उरला होता, आणि कुर्ता पिशवीतच होता. तो तिने घरच्या टीशर्टवरूनच चढवला.

मी वाळलेली गोधडी खांद्यावर घेऊन दाराआड उभा राहिलो. (गोधडी हे निमित्त.) प्रोग्राम व्यवस्थित चालला. मग पलीकडच्या मॅडमनी विचारलं, पाथ म्हणजे काय, सोप्या भाषेत सांगाल? मी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

"मॅम, माझ्या वडलांचं उदाहरण देते," मुक्ता म्हणाली. "घरात सगळं जागेवर असतं, पण त्यांना एकही वस्तू सापडत नाही. आई सांगते, तेव्हा सापडते. आमच्या घरात आई म्हणजे पाथ."

मॅडम खळखळून हसल्या. घटाच्या तिसऱ्या माळेला नोकरीचा निरोप आला! आनंदाने माझे डोळे भरून आले. आपण नसतो तर पोरीला हे उदाहरण सुचलंच नसतं, असं मी बसूला फोन करून तीनदा सांगितलं. मग गल्लीत पेढे वाटायला चपला घातल्या, आणि दारातूनच हाक मारली,

"अगं, पेढ्यांचा बॉक्स कुठं ठेवलास?"

स्वयंपाकघरातून पाथ म्हणाला, "तुमच्या डाव्या काखेत बगा की!"