नात्याचा रकाना

वर्ना हक्कबी आमच्या कांद्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं निवडणीच्या पट्ट्यावर उभी होती. सडका कांदा हाताला लागायच्या आधी तिच्या नाकाला कळायचा. बोलणं बेताचं. जेवणाच्या सुट्टीत डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम होईपर्यंत ती भिंतीवरचे कामगार कायद्याचे तक्ते वाचत बसायची. आम्ही चिडवायचो, "वर्ना, परीक्षा कधी आहे गं?"

तिच्या शेजारी इनेझ अरियागा असायची. वर्नाहून तीन वर्षांनी लहान. दोघींचे ट्रेलर शेजारीशेजारी. एकाच गाडीतून यायच्या आणि वाटभर भांडायच्या. वर्नाचा नवरा सोडून गेला, पुढे इनेझचा एकुलता मुलगा अपघातात गेला. दोन्ही वेळी एकीने दुसरीचं घर सांभाळलं.

त्या मार्चमध्ये इनेझला कॅन्सर निघाला. घरी न्यायचं तर जवळ सतत कुणीतरी हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं, नाहीतर शुश्रूषागृह. इनेझ म्हणाली, "तिथलं सूप पिऊनच मरेन मी."

वर्नाने बारा आठवड्यांची रजा मागितली. सुपरवायझर डेल आदल्या शरदात नदीपलीकडच्या आयडाहोच्या शेडमधून आमच्याकडे, ऑरेगनमध्ये आला होता. माणूस वाईट नव्हता, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला.

"नवरा, मुलं, आईबाप," त्याने बोटं मोजली. "केंद्राच्या कायद्यात एवढेच बसतात. सख्खी बहीणसुद्धा बसत नाही, ही तर शेजारीण. तुम्ही गेलात तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

एकसष्टाव्या वर्षी वर्नाला दुसरं काम कोण देणार होतं? मला डेलचा राग आला, तरी मी डबा उघडून जेवत राहिले. त्याची लाज अजून वाटते.

वर्ना म्हणाली, "तो कायदा नदीच्या दोन्ही काठांना आहे. या काठाला राज्याचा आणखी एक आहे. या इकडे."

राज्याच्या तक्त्यावर डेलनेच नाताळात शेडचं कॅलेंडर टांगलं होतं. वर्नाने आधी मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला: रक्ताचं नातं नसलं, तरी घरच्यासारखा जिव्हाळा असेल तर ते माणूस घरचंच धरायचं. मग कॅलेंडर बाजूला केलं.

डेलने दोनदा वाचलं. "म्हणजे मानलेली बहीण? असं काय, कुणीही लिहील!"

"लिहू दे की. मी लिहीन त्याखाली माझी सही असेल."

अर्जातल्या नात्याच्या रकान्यापाशी मात्र तिचं पेन अडलं. दोघींनी आजवर एकमेकींना 'म्हातारे' याखेरीज कशानेही हाक मारली नव्हती. शेवटी तिने 'बहीण' लिहिलं. रजा मिळाली, जागाही राहिली.

मी भेटायला गेले तेव्हा इनेझ स्वतःच्या खाटेवर, स्वतःच्या खिडकीशी होती.

"काय लिहिलंस गं?" तिने विचारलं.

"बहीण."

"थोरली की धाकटी?"

"तसा रकाना नव्हता."

"मग थोरली मी. सुपात मीठ घाल."

"तोंड बघ थोरलीचं," वर्ना म्हणाली आणि मीठ आणायला उठली.

इनेझ सात आठवडे जगली. दफनाच्या दिवशी पाद्रीबाबांनी वर्नाला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"धाकटी बहीण," वर्ना म्हणाली.