रांगेत शेवटी कोण?

जंगलात पायी फिरणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. भीती वाटत असताना तोंडातून शब्द फुटत नाही, मग जीपमध्ये बसलं की सगळं एकदम बाहेर पडतं. मी वनरक्षक. मूल गावाच्या पुढे माझं बीट, म्हणजे राखायला दिलेला जंगलाचा भाग. बरोबर दोघं: आमचे जुने वनमजूर बुधाभाऊ आणि ड्रायव्हर शकीलभाऊ. जीप नाल्यापर्यंतच जाते, म्हणून पुढे बिचाऱ्या शकीलभाऊंनाही चालावं लागतं.

वाट आधी सागाच्या झाडीतून आणि मग उठून गेलेल्या एका गावाच्या शेतांतून जाते. त्या शेतांचं आता कुरण झालंय, गवत डोक्याच्या वर. आमचा रोजचा वाद एकच, रांगेत शेवटी कोण? वाघ मागूनच येतो, याबद्दल तिघांचंही एकमत आहे!

*

शकीलभाऊ एकदा नाल्यावरच अडून बसले. "रोज मीच काऊन मागं? माही अम्मी घरी एकटी आहे."

"पुढच्याले जास्त धोका रायते," बुधाभाऊ शांतपणे म्हणाले. "पहिले तोच दिसते."

"मंग या ना तुमी मागं!"

"आता सवय झाली न गा पुढची!"

*

मग शकीलभाऊंनी बाजारातून राक्षसाचा मुखवटा आणला. तो डोक्याच्या मागे बांधायचा, म्हणजे वाघाला वाटेल माणूस आपल्याकडेच बघतोय. आयडिया चांगली होती. पण त्यांचा मुखवट्यावरही भरवसा बसेना, म्हणून ते उलटे चालायला लागले. म्हणजे शकीलभाऊ वाघाकडे आणि राक्षस आमच्याकडे! मी मागे वळायचे आणि दर वेळी दचकायचे.

बुधाभाऊंनी शेवटी थांबून त्या राक्षसापुढे तंबाखू-सुपारीचा खर्रा धरला. "घे न गा, एवढा कायले रागावला?"

*

माझी आई राजुऱ्याला असते. मी ऑफिसात बदली मागावी म्हणून ती रोज मागे लागते, आणि तिचं चुकतं असंही नाही. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत एका सकाळी वाटेवरच अस्वल दिसलं. झाडाखाली मुंडी खाली घालून फुलं खात होतं. आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. आणि नेमका माझा फोन वाजला! एरवी तिथे रेंजचा पत्ता नसतो.

अस्वलानं मान वर केली. फोन बंद करायला गेले तर घाईघाईत उचलला गेला.

"आई," मी कुजबुजले, "समोर अस्वल आहे."

"रांगेत कितवी आहेस वं तू?"

"मधात."

"मंग ठीक आहे," म्हणाली आणि फोन ठेवला!

अस्वल फुलं खाऊन आपल्या वाटेनं गेलं.

*

परतीच्या वाटेवर एकदा बुधाभाऊ वाकले. जाताना चिखलात माझ्या बुटाचा ठसा उमटला होता. त्याच्या बरोब्बर वर वाघाच्या पंजाचा ठसा!

"ताजा आहे का?" शकीलभाऊंनी विचारलं.

"म्याडमचा बूट आताचाच. हा त्याच्या नंतरचा."

त्या दिवशी वाद झालाच नाही. वाट एका माणसापुरती, पण आम्ही तिघं खांद्याला खांदा लावून, काट्यांनी अंग ओरबाडून घेत नाल्यापर्यंत आलो!

*

प्राण्यांची मोजणी असली की चालताना बोलायचं नसतं. फक्त दोन्ही बाजूंना बघत राहायचं. त्या सकाळी पुढे बुधाभाऊ, मध्ये मी, मागे शकीलभाऊ. कुरणात शिरलो. गवतात हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. पण मागे शकीलभाऊंची पावलं वाजत होती, तेवढाच धीर. मी थांबले की तेही थांबत.

मध्येच ते फार जवळ आले. श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. बिड्या ओढून ओढून दम लागतो त्यांना. मी वैतागले. मागे न बघताच दबक्या आवाजात म्हटलं, "जरा अंतर ठेवा ना! अंगावर येता का आता?"

पावलं थांबली. मग जरा लांबून यायला लागली.

कुरण संपलं, आमची गस्तीची झोपडी दिसली. चुलीवर चहा उकळत होता आणि चुलीपाशी शकीलभाऊ बसले होते.

"माफ करा म्याडम," ते मान खाली घालून म्हणाले. "मागं चालाची हिंमतच नाई झाली. सागाच्या झाडीतूनच बैलगाडीच्या जुन्या वाटेनं इकडं आलो."

बुधाभाऊंनी कुरणाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पण म्याडम," ते हळूच म्हणाले, "तुमचं ऐकलं त्यानं."